मुक्तिनाथच्या वाटेवरची हाक

सत्तरी जवळ आली तरी माझ्या डोक्यावर दाट केस आहेत आणि मी ते दर रविवारी काळे करतो. तुमसरात याची बरीच थट्टा होते. सगळ्यात जास्त करायचा तो माझा महाप्रसाद. त्याचं स्वतःचं डोकं चाळिशीतच साफ झालं होतं. तो म्हणायचा, "तू मेला तं मह्या डोक्यावर उतरवाले काईच नाई. पण मी मेलो तं तुह्यं कसं व्हईन बावा?"

हे कळायला आमच्याकडची एक चाल सांगावी लागेल. सिहोऱ्याच्या बाजूला, बालाघाटच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत दोन पोरांचं फार जमलं की घरचे त्यांना महाप्रसाद बसवत. कुणीतरी जगन्नाथपुरीहून आणलेल्या वाळल्या भाताचे चार दाणे देवापुढे एकमेकांच्या तोंडात घालायचे, नारळ फोडायचा, झालं. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. मरेपर्यंत 'महाप्रसाद' हीच हाक. एकाची आई ती दुसऱ्याची आई. एक गेला तर दुसऱ्यानं सख्ख्या भावासारखं सुतक धरायचं आणि दहाव्याला डोकं उतरवायचं, म्हणजे मुंडण करायचं. आम्ही बारा वर्षांचे होतो तेव्हा आमच्या आयांनी आम्हाला असं बसवलं. त्यानंतर पंचावन्नच्या वर वर्षं मी त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. माझ्या मोबाइलमध्येसुद्धा तो 'महाप्रसाद' म्हणूनच होता.

तो सिहोऱ्यातच राहिला, धान पिकवत. मी शिकून तुमसरला शाळेत कवायतीचा मास्तर झालो. बत्तीस वर्षं शिट्टी वाजवली. जाड्या पोरांना एक फेरी जास्त द्यायची, रडणाऱ्याला आणखी एक, असा माझा खाक्या होता, आणि पोरं घाबरतात याचा मला आनंद व्हायचा. निवृत्त झाल्यावरही मी रोज सकाळी मैदानावर पाच किलोमीटर चालतो आणि माझ्याहून लहान माणसांना मागे टाकतो. ते मागे पडले नाहीत तर मला दिवसभर काही गोड लागत नाही.

नेपाळातल्या मुक्तिनाथाला जायचं त्याच्या डोक्यातून निघालं. गावातली काही माणसं गाडीनं जाऊन आली होती. त्याला तिथं स्वतःच्या शेतातला चिन्नोर तांदूळ शिजवायचा होता आणि देवापुढे पुन्हा एकदा चार घास एकमेकांना भरवायचे होते. म्हणाला, "तवा लहान होतो, काई समजत नव्हतं. आता समजून बसू महापरसाद." मी लगेच हो म्हणालो. पण माझं मन भातात नव्हतं. मी अट घातली की गाडी खालच्या जोमसोम गावात सोडायची आणि तिथून पुढे पायीच जायचं. दोन दिवसांची चढण चालून गेलो हे मला मैदानावरच्या मंडळींना सांगायचं होतं.

चैत्रात निघालो. तुमसर रोड स्टेशनवर त्याची बायको पोचवायला आली होती. तिनं माझ्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "भाऊजी, त्याईले मांगं नोको सोडजा." मी हसून तिला सांगितलं की त्याला दोरी बांधून ओढत नेईन.

त्याच्या पिशवीत पाच किलो तांदूळ होता आणि एक जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं उभट पातेलं, काळा पडलेला, बुडाला पोचे आलेला. मी त्याला गोरखपूरच्या गाडीतच सांगितलं की एवढ्या उंचीवर उघड्या भांड्यात भात शिजत नाही, दाणा आत कच्चा राहतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की चिन्नोर कुठंही शिजतो. जन्मभर धानात राहिलेल्या माणसाला भात शिजत नाही हे कुणी पटवून द्यायचं? मी नाद सोडला. पण तो तांदूळ मला त्या क्षणापासून डोळ्यांत सलायला लागला.

पहिल्या दिवशी जोमसोमहून कागबेनीला गेलो. त्या खोऱ्यात अकरा वाजले की वारा उठतो, तोंडात रेती जाते, उभं राहणं मुश्किल होतं. तो पिशवी पोटाशी धरून वाकून चालत होता. मी गळ्यात शिट्टी अडकवली होती. तो मागे पडला की मी वाजवायचो. सुरुवातीला तो हसला, खोट्या सलामीसाठी हातही वर केला. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर हसला नाही. खेचरं हाकणारा एक माणूस आमच्याकडे पाहत थांबला, तेव्हा मी आणखी जोरात वाजवली.

दुसऱ्या दिवशी खरी चढण लागली. पन्नास पावलं चालला की तो थांबायचा. मी पुढे जाऊन दगडावर बसून वाट पाहायचो आणि तो धापा टाकत जवळ आला की लगेच उठून चालू लागायचो. हे माझं जुनं शास्त्र आहे. पुढचा आराम करतो, मागच्याला तो कधीच मिळत नाही, कारण तो पोचेपर्यंत पुढचा निघालेला असतो. पोरांना हे कळायचं नाही. त्याला कळलं. दोन वेळा त्यानं काही बोलायला तोंड उघडलं आणि मी पाठ फिरवली.

वाटेवरचं झारकोट गाव दिसायला लागलं तेव्हा तो वाटेच्या कडेला बसला. ओठ निळसर झाले होते. खाली रस्त्यावरून जीपा जात होत्या, यात्रेकरू भरलेल्या. तो म्हणाला, "थोडा दम घेऊ दे, महापरसाद. संगच जाऊ."

मी म्हणालो, "तांदूळ फेक, मंग चल."

"हा तांदूळ नाई गेला तं मी कायले जाऊ?"

मग मी त्याला बोललो. काय काय बोललो ते आठवतं, आणि लिहायची लाज वाटते. त्याचं चालणं गाभण म्हशीसारखं आहे म्हणालो. जन्मभर एका तलावाच्या पाण्यावर बसून राहिलास, तुला चढण काय माहीत, म्हणालो. बायकोनं तुला माझ्या गळ्यात बांधलं, असंही म्हणालो. तो खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात दोन गोऱ्या बायका काठ्या टेकत वर आल्या, आमच्याहून मोठ्याच असतील, हसून नमस्ते म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या. मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्या मागे तरातरा निघालो.

वळणावर जाऊन खाली पाहिलं. तो तसाच बसला होता. पिशवी उघडून चिमूटभर तांदूळ तोंडात टाकून चावत होता, शेतात दाणा भरला की नाही ते पाहताना चावतो तसा. मी शिट्टी वाजवली. त्यानं हात हलवून पुरे अशी खूण केली. पुन्हा वाजवली. पुन्हा तीच खूण. मग मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हजेरीच्या आवाजात त्याचं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, पटावर असतं तसं पुरतं.

वारा माझ्या तोंडावर येत होता तरी हाक पोचली. तो उठून उभा राहिला. वर्गात नाव घेतलं की पोरगं उठतं तसा, दोन्ही हात सरळ सोडून. क्षणभर वर पाहत राहिला. मग पिशवी उचलली, उतारानं खाली रस्त्यावर गेला आणि जीपेला हात केला.

तोंडातून काय गेलं ते मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं म्हणणार नाही. पण पहिलं जे मनात आलं ते असं, की बरं झालं, कटकट गेली. मी उरलेली वाट शिट्टी खिशात ठेवून मजेत चाललो. वर पोचल्यावर फोटो काढून मैदानाच्या ग्रुपवर टाकला.

आम्ही ज्या लॉजवर उतरणार होतो तिथं तो आधीच पोचला होता. स्वयंपाकघरात बसला होता, गॅसवर त्याचा गंज. लॉजवाल्या बाईनं दोनदा कुकर पुढे केला म्हणे. त्यानं घेतला नाही. प्रसाद उघड्या भांड्यातच शिजवायचा. तासाभरानं झाकण काढलं. चिन्नोरचा वास सगळ्या खोलीत भरला, आमच्या घरांत दिवाळीनंतर नवा तांदूळ आला की भरतो तो. त्यानं स्टीलच्या ताटल्या मांडल्या आणि सगळ्यांना वाढलं. बाईला, तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याला, जीपच्या ड्रायव्हरला, राजस्थानातून आलेल्या एका जोडप्याला. शेवटी माझ्यापुढे ताटली ठेवली.

"घ्या, सर," म्हणाला.

सर मला सगळं तुमसर म्हणतं. त्यानं कधी म्हटलं नव्हतं. मी घास घेतला. दाण्याच्या पोटात कच्चं राहिलं होतं, दाताखाली कचकन वाजलं. बाकीचे खात होते. मी माझ्या ताटलीतला घास उचलून त्याच्या तोंडाजवळ नेला. म्हणालो, "महापरसाद, तूही खा."

त्यानं माझा हात हळूच बाजूला केला. "माहा महापरसाद आता कोणी नाई, सर. हा नुसता भात व्हय. खाऊन घ्या, थंडा व्हईन."

तो चिडला असता तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. तो चिडला नव्हता. दुसऱ्या दिवशी देवळामागच्या एकशे आठ धारांखालून तो माझ्या आधी एकटाच गेला. बर्फाचं पाणी उघड्या डोक्यावर घेत, न धावता, एकेका धारेखाली थांबून. मी मागून पाहत होतो. मी चौथ्या धारेतच बाहेर पडलो.

परतीच्या तीन दिवसांत त्यानं मला खिडकीची जागा दिली, चहा आणून दिला, पोट ठीक आहे का विचारलं. सगळं अहो-जाहो करून. पाहुण्याशी वागतात तसं चोख वागला, आणि ते वागणं मला एकेका तासानं जड होत गेलं.

आषाढात मी माफी मागायची ठरवून सिहोऱ्याला गेलो. त्या घरात मी आयुष्यभर थेट चुलीपाशी जाऊन बसलो होतो. त्या दिवशी त्यानं बाहेर छपरीत खुर्ची टाकली. चहा ट्रेमध्ये आला. मी धानाच्या रोवण्याबद्दल, लावणीबद्दल विचारलं, त्यानं रोवण्याबद्दल सांगितलं. तलाव किती भरला ते विचारलं, तेही सांगितलं. माफीचा शब्द जिभेवर येऊन परत गेला. मास्तरकीत कधी कुणाची माफी मागितली नव्हती, सवय नव्हती, असं मी बसमध्ये स्वतःला समजावलं.

पौषात तो गेला. बांधावर बसला तो उठला नाही. मला ते तिसऱ्या दिवशी तुमसरच्या बाजारात कळलं, धान घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याकडून. महाप्रसादाला पहिला निरोप द्यायची रीत आहे. मला दिला नव्हता. मी मनाशी म्हणालो, घाईत राहून गेलं असेल, रडारडीत कुणाला सुचतं. घरी आलो आणि सुतक धरलं. गादी सोडली, खाली झोपलो. त्या रविवारी केस काळे केले नाहीत.

दहाव्याला पहाटेची बस धरून गेलो. तलावाच्या पाळीवर सगळे जमले होते. मी कुणाला न विचारता त्याच्या भावांच्या ओळीत जाऊन बसलो. मुळांशी पांढरे फुटलेले केस पुढे केले. न्हाव्यानं पाणी लावलं, वस्तरा काढला. आयुष्यभर जपलेले केस जाणार याचं मला काहीच वाटत नव्हतं. खरं तर आनंद होत होता. एवढं तरी त्याला देता येईल असं वाटत होतं.

त्याचा मोठा मुलगा आला आणि त्यानं न्हाव्याचा हात धरला. हा मुलगा जन्मल्यापासून मला महापरसाद-बाबा म्हणत आला होता.

"काकाजी, तुमी उठा."

मला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी बाधेल म्हणून म्हणतो. मी म्हणालो की काही होत नाही, हा माझा हक्क आहे.

त्यानं हात जोडले. "बाबाजीनं सांगून ठेवलं व्हतं. तो येईन आन् डोकं समोर करन, म्हणे. त्याले हात जोडून उठवजा. त्यानं मह्यं नाव घेतलं, आता तो आपला कोणी नोहे."

न्हावी वस्तरा धरून माझ्या उठण्याची वाट पाहत होता. ओळीतल्या कुणी वर पाहिलं नाही. त्याची बायको थोडी दूर झाडाखाली बसली होती, तिनंही नाही. मी उठलो. माझ्या जागी त्याचा एक चुलत पुतण्या सरकला. मानेवरून थंड पाणी सदऱ्यात उतरत होतं, ते पुसायचंही मला सुचलं नाही. तसाच ओल्या केसांनी बसस्टँडवर आलो.

त्यानंतर मी केस काळे करायचे सोडले. परवा मैदानावर एकानं पाहिलं आणि विचारलं, "काहून सर, घरचं कोणी गेलं का?"

मी नाही म्हणालो.