सर्व्हरची खंडेनवमी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. पूर्वी काही बिघडलं की मोटारसायकल काढून पळावं लागायचं. आता घरी बसून, चहा पीत, लॅपटॉपवरूनच तो बंद-चालू करतो, अपडेट करतो. सोय झाली खरी, पण तिकडं जाणं संपलं. मला ते अजिबात आवडलेलं नाही, स्पष्टच सांगतो.

तिथल्या मालकांशी माझं पहिलं भांडण खंडेनवमीला झालं. त्या दिवशी सगळे माग बंद. ते पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. मालक तेलुगू घरातले, मागाच्या खडखडाटातच वाढलेले. नारळ घेऊन सर्व्हरपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "हे पण बंद करा की."

"अहो मालक, हे बंद करायचं नसतं! डिस्क जुन्या आहेत. एकदा थंड झाल्या की परत फिरतील याचा भरवसा नाही. तुमच्या सगळ्या ऑर्डरी आहेत यात."

"वर्षभर राबतंय की ते. एक दिवस सुट्टी नको व्हय त्याला?"

कपाळ माझं! केला बंद. दसऱ्याला सकाळी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पंखे घोंघावले तशा मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला. पुढं दरवर्षी तेच. मी चिडायचो, ते हसायचे, मशीन उठायचं. त्या चिडण्याचीसुद्धा मला गोडी लागली होती.

यंदा उन्हाळ्यात मालक गेले. लई आठवण येते त्यांची. खंडेनवमीच्या आधी त्यांच्या मुलाला फोन केला, तर म्हणतो, "काका, सर्व्हर चालूच राहू द्या. सणाच्या ऑर्डरी ऑनलाइन येतात."

माझं डोकंच सणकलं. पण धंदा त्याला चालवायचाय. तरी राहवेना. बरेच अपडेट खरोखरच तुंबले होते, आणि त्यासाठी मशीन बंद करावंच लागतं. म्हटलं, "खंडेनवमीला सकाळी तासभर दे." कुरकुरला, मग "बरं" म्हणाला.

त्या सकाळी घरूनच अपडेट चढवले आणि मशीन बंद केलं. स्क्रीनवरचा हिरवा ठिपका गेला. मशीन बंद असलं तरी लांबून चालू करता येतं. आता करावं म्हणत होतो, तेवढ्यात फोन वाजला. मालकांचा मुलगा.

"काका, बंद झालंय ना? लगेच चालू करू नका."

"का रे?"

"हळद घेऊन उभाय मी इथं. कुठं लावायची असते?"

"बटणाच्या खाली. पंख्याच्या जाळीत जाऊ देऊ नको."

मग म्हणाला, "मागच्या वर्षीची बाबांची बोटं हायेत की इथं. पिवळी."

"पुसू नको," मी म्हणालो.

"न्हाय पुसत. शेजारीच लावतो. आणि काका, आज बंदच राहू द्या. ऑर्डरी उद्या बघू."