अकराने भाग जाणारी मुलगी

भोरमध्ये आमच्या झेरॉक्सवाल्याच्या बाकावर बसणारे हे गृहस्थ कुणाची तब्येत विचारत नाहीत, नंबर विचारतात. वीजमीटर, गॅस, रेशनकार्ड, काहीही चालतं. ऐकलं की डोळे मिटून निकाल देतात, "सातानं भाग जातोय. चांगलाय." मीटरचा नंबर चांगला म्हणजे काय, हे विचारायची सोय नाही.

माझ्या मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशअर्जाचा तेरा आकडी क्रमांकही त्यांनी असाच ऐकला होता. "अकरानं भाग जातोय! लई गुणाचा नंबर." आम्ही धन्य झालो.

कागदपत्रं पाठवायच्या शेवटच्या दिवशी त्याच बाकावर बसून मी तो क्रमांक सोबतच्या फॉर्मवर लिहिला. आकड्यांची बेरीज अर्जाच्या पावतीवरच्या क्रमांकाच्या बेरजेशी दोनदा ताडली, कारण हिशेबात मी चुकत नाही. या गृहस्थांनी फॉर्म ओढून घेतला, एकाआड एक आकडे मिळवले, उरलेले वजा केले.

"आता अकरानं जाईना. दोन शेजारचे आकडे उलटे लिवले असतील तुमी."

"बेरीज बरोबर आहे."

"उलटे लिवल्यावर बेरीज कशी बदलंल, सायेब?"

पावतीशी एकेक आकडा ताडला, खरंच उलटे होते. दुरुस्त फॉर्म वेळेत गेला, प्रवेश मिळाला.

मुलीचं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही. रस्त्यात दिसली की हाक मारतात, "काय अकरा, कालेज कसं हाय?"

ती थांबून नीट उत्तर देते.