कितवाकाकांचा भरलेला कप

लॉजची लिफ्ट कितवाकाकांनी सकाळपासून तिसऱ्यांदा वर नेली आणि तिसऱ्यांदा खाली आणली. काउंटरवरची बाई खोल्यांच्या किल्ल्या मोजायचं सोडून त्यांच्याकडे पाहत राहिली. पाहुण्याचं काहीतरी हरवलं असावं, असं तिला वाटलं. हरवलं काहीच नव्हतं. चालवणाऱ्याशिवाय लिफ्ट चालते तरी कशी, एवढंच काकांना बघायचं होतं. शिवाय आतून एक बाई गोड आवाजात मजला सांगायची, ती नेमकी कुठून बोलते याचाही त्यांना शोध लावायचा होता.

एका विमा कंपनीच्या नऊ मजली इमारतीत त्यांनी एकतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. जाळीच्या दाराची, हँडल फिरवून चालवायची जुनी लिफ्ट. आत येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शिपाई असो की मोठे साहेब, ते एकच विचारायचे, "कितवा?" त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकात राहिलं आणि इमारतीने त्यांना कितवाकाका करून टाकलं.

त्यांचे नियम दोन. दाराला हात लावायचा तो लिफ्ट चालवणाऱ्यानेच. मोठ्या साहेबांनी एकदा घाईत जाळी सरकवली, तर त्यांनाही काकांनी सुनावलं होतं. दुसरा नियम पाण्याच्या पेल्याचा. नवा माणूस शिकायला आला की काठोकाठ भरलेला पेला स्टुलावर ठेवायचा आणि लिफ्ट नवव्या मजल्यापर्यंत न्यायला सांगायची. थेंब सांडला की नापास. अशा तिघांना काकांनी परत पाठवलं होतं आणि त्याचं त्यांना आजही काही वाटत नव्हतं.

अशा माणसाच्या मुलीने परदेशात चांगली खुर्चीची नोकरी सोडून रेल्वेगाडी चालवायचं शिक्षण घ्यावं, हे त्यांच्या पचनी पडेना. "मी जन्मभर लोकांची ने-आण केली," ते तिला म्हणाले होते, "कुणी साधं नाव विचारलं नाही. तुला शिकवलं ते याच्यासाठी?" त्यानंतर दीड वर्ष बापलेकीत बोलणंच नव्हतं. ती सुट्टीवर येऊन परत गेली, त्या दिवशी काका मुद्दाम ड्यूटीवर गेले. तिला निरोप द्यायला एकटी आई गेली. घरी आल्यावर आईने एवढंच सांगितलं, की ती शेवटपर्यंत मागे वळून बघत होती. हे वाक्य काकांच्या मनात काट्यासारखं रुतून राहिलं होतं.

मग ते निवृत्त झाले आणि लेकीने तिकीट पाठवलं. आईचे गुडघे साथ देईनात, म्हणून काका एकटेच निघाले. निरोपही आईच्याच मार्फत आला होता: "बारा वीसची गाडी मी चालवणार आहे. त्यांना तीच घ्यायला सांग. सातव्या स्टेशनवर माझं घर आहे, घरमालकीण न्यायला येईल. उतरले की हात करायला सांग, मी बघेन." काकांनी तो निरोप कागदावर लिहून घेतला आणि चार घड्या घालून खिशात ठेवला.

बारा वाजायला अजून तीन तास होते. काका लॉजमधून बाहेर पडून लेकीच्या त्या परक्या शहरात रमतगमत रस्त्याला लागले. एका उंच इमारतीला दोरांनी टांगलेल्या पाळण्यात बसून दोघे जण काचा पुसत होते. काका खाली अर्धा तास मान वर करून उभे राहिले, कप्पी कुठे बसवली आहे ते दिसेपर्यंत हलले नाहीत. पुढे एका दुकानाचा सरकता जिना बंद पडला होता आणि कारागीर त्याचं पोट उघडून बसला होता. काका शेजारी उकिडवे बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी कारागिराने पाना मागायला हात पुढे केला आणि काकांनी बरोबर तोच पाना त्याच्या हातात दिला. मग बाकावर बसून त्यांनी पाव खाल्ला. शहर चांगलं होतं, फक्त कुणाला कितवा हे विचारायची सोय नव्हती.

स्टेशनवर गाडी उभी होती. पुढच्या टोकाला चालकाची काच चमकत होती. काका चार पावलं तिकडे गेले आणि थबकले. समोर उभं राहून बोलायचं काय, हेच ठरलं नव्हतं. ते मागे फिरले, ठेल्यावरून चहा घेतला, विक्रेता झाकण लावायला लागला तेव्हा त्याचा हात धरला आणि कप काठोकाठ भरून मागितला. मग सगळ्यात शेवटच्या डब्यात जाऊन बसले.

खिडकीखाली छोटंसं टेबल होतं. त्यावर पांढरा रुमाल पसरला आणि त्यावर कप ठेवला. गाडी निघाली तेव्हा चहा काठाशी थरथरला आणि तिथेच राहिला. काका पुढे वाकले.

पहिलं स्टेशन आलं. थेंब नाही. दुसरं वळणावर होतं. तिथे सांडेल, असं ते मनाशी म्हणाले. नाही सांडला. बाहेर नदी गेली, शेतं गेली, दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले, पण काकांची नजर कपावरून हटली नाही. समोर लोकर विणत बसलेल्या म्हातारीला वाटलं, चहा फार गरम असावा. तिने फुंकर मारायची खूण केली. काकांनी हसून मान हलवली. सहाव्या स्टेशनपर्यंत रुमाल कोरा होता.

सातवं आलं तसे ते पिशवी घेऊन दाराशी उभे राहिले. कप टेबलावर रुमालावरच राहिला होता. गाडी थांबली. दारावर एक हिरवं बटण पेटलं. काका वाट बघत राहिले. चालवणारी आतच होती, ती उघडेलच. दुसऱ्याच्या दाराला हात लावणं त्यांच्या रक्तातच नव्हतं, आणि ही तर लेकीची गाडी. बटण विझलं. गाडीला हिसका बसला आणि फलाट मागे सरकू लागला. फलाटावर एक बाई हातात पाटी घेऊन इकडेतिकडे बघत होती.

म्हातारी उठली आणि तिने खुणेने सांगितलं, की बटण आपणच दाबायचं असतं. पुढच्या स्टेशनवर तिने स्वतः दाबून दाखवलं. दार उघडलं. उतरून परतीची गाडी पकडता आली असती. काकांनी उघड्या दाराकडे पाहिलं, तिला हात जोडले आणि पुन्हा कपासमोर जाऊन बसले.

शेवटचं अकरावं स्टेशन. सगळे उतरले, दारं मिटली. परतीच्या प्रवासात हाच डबा पुढे होणार होता, त्यामुळे चालक इकडेच चालत येणार होती. काका कपाखालचा रुमाल काढून घेऊन दाराशी उभे राहिले. ती खाली मान घालून येत होती, खांद्याला पिशवी, निळा गणवेश. काचेपलीकडे बाप दिसला तशी ती जागीच थांबली. मग तिने बाहेरचं बटण दाबलं.

"कितवा?" तिने विचारलं.

"सातवा होता. राहून गेला."

"मला वाटलं, तुम्ही बसलाच नाहीत. कुणी हातच केला नाही. म्हटलं, आत्ताही नाही आले."

"दाराशीच उभा होतो गं. गाडी तुझी. मी कसा हात लावणार दाराला?"

तिचे डोळे भरून आले. काकांनी रुमाल पुढे केला आणि ती तो घेणार तेवढ्यात मागे ओढला.

"थांब, पुसू नकोस. आधी बघ." पांढऱ्या कापडावर चहाचा एकच डाग होता, बोटाच्या पेराएवढा. "अकरा स्टेशनं. एकाच ठिकाणी सांडला. सातव्यावरून निघताना."

ती त्या डागाकडे बघत राहिली. "तेव्हा मी आरशात तुम्हाला शोधत होते, बाबा."

तीन माणसांना एका थेंबापायी घरी पाठवणाऱ्या कितवाकाकांनी रुमालाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"तेवढा चालतो," ते म्हणाले.