सीतेच्या हातातला कोयता

वडवणीत माझं रद्दीचं दुकान आहे. भाव करण्यात मला कुणी हरवत नाही, एक बाई सोडून. दसऱ्यानंतर ती ऊसतोडीला जाते. परतली की बाजारात वांगी निवडावीत तशी माझ्या गठ्ठ्यांतून देवांची जुनी कॅलेंडरं निवडते. त्यातले देव कापायचे आणि कर्नाटकापर्यंतच्या फिरतीत जमवलेली तिकिटं, साखरेच्या पोत्याचे धागे, उसाचं पाचट यांच्यासोबत पुठ्ठ्यावर चिकटवायचे, असं तिचं चित्र.

यंदा तिनं वनवासाला निघालेले राम-सीता केले. सीतेच्या हातात कोयता दिला. मंदिराच्या सभामंडपात लावायला चित्र हवं असलेलं एक गिऱ्हाईक मी आणलं. ते म्हणाले, "छान आहे. फक्त कोयता काढून कमळ द्या."

"कमळानं ऊस तुटतो का, सायेब?"

मी डोळे वटारले. तिनं कॅलेंडरची पत्र्याची पट्टी उचलली, दुसरा कोयता कापला आणि रामाच्याही हातात चिकटवला. "आता जोडी झाली. एकटीनंच का म्हून तोडावं?"

गिऱ्हाईक निघून गेलं. सौदा मोडल्याचा राग मला अजून आहे. "भाऊ, तुमी लई तापता," म्हणत ती चित्र दुकानातच ठेवून गेली. मी ते काट्यामागच्या भिंतीवर लावलं. आता कोयते काढून मागणाऱ्याशी मीच भांडतो.