रूथचा मुराळी

धाराशिव स्थानकावर उतरलो तेव्हा माझ्या कपड्यांच्या पिशवीपेक्षा फुग्यांची आणि खाऊची पिशवी मोठी होती. पुण्यातील आमची मंडळी (एकत्र उपासना करणारा ख्रिस्ती समुदाय) येथील एका बालगृहाला मदत करते. त्या मदतीच्या समितीचा सदस्य म्हणून मी पाहणीस आलो होतो.

बालगृहात मुले रांगेत उभीच होती. स्वागतगीत झाले, हार झाला, टाळ्या झाल्या. कार्यालयात चहा घेत असताना कळंबच्या एस्तेरबाई आल्या. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी त्या आणि त्यांचे पाळक पती आपल्याच घरातल्या दोन खोल्या राखून ठेवतात. व्यवस्थापकांना त्या म्हणाल्या, "रूथला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिची सासू म्हणते, माहेरचं कुणी न्यायला आलं तरच पाठवीन. ती इथं वाढली. राहील माझ्याकडं, तुम्ही फक्त आणायला चला."

"अठरा पूर्ण झाली की आमचा संबंध संपतो, बाई. नियम आहे."

"संबंध नको. एका दिवसापुरता माणूस द्या."

व्यवस्थापक हसले आणि माझ्याकडे वळले. "साहेब, बिस्कीट घ्या ना."

नियम मला समजतो. प्रौढ स्त्रीला मुलांमध्ये ठेवता येत नाही, हे रास्तच आहे. पण जिच्या गाण्यावर आम्ही पाहुण्यांनी इतकी वर्षे टाळ्या वाजवल्या, तिच्या दारी जायला या एवढ्या इमारतीत एकही माणूस मोकळा असू नये? वाढवलेले लेकरू वयाच्या एका दिवशी परके होते, आणि कोणाच्याही घशात बिस्कीट अडकत नाही? मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही. तरी बशी खाली ठेवताना तिचा आवाज झाला.

हा संताप माझ्या स्वतःवरही होता. आम्हा देणाऱ्यांना लहान चेहरेच हवे असतात. माझ्या पिशवीत फुगे नसते तर रागावणे सोपे गेले असते.

"मी येतो," मी म्हणालो.

एस्तेरबाईंनी मला निरखून पाहिले. "मुराळी (सासरहून माहेरी न्यायला येणारा माणूस) व्हावं लागेल, भाऊ. तिथं पाहणी नाही चालत."

एस.टी.ने कळंब गाठले. सोयाबीन निघून गेले होते. काळ्या रानात ज्वारी नुकतीच वीतभर वर आली होती. एस्तेरबाईंच्या घरी मी सवयीने पिशवी उघडली. समोर गॅरेजात काम करणारा, दाढी राखलेला एक तरुण बसला होता. तोही बालगृहातलाच. फुगा हातात घेऊन तो म्हणाला, "काका, मी ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरतो. हे तोंडानं फुगवायचं का?"

सगळे हसले, मीही हसलो, पण उशिरा. "राहू द्या," एस्तेरबाई म्हणाल्या, "बारशाला लागतील." जेवायला भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची झणझणीत पातळ आमटी) होती. तिच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आले, फुग्यांची लाज त्याआड लपली, याचा मला आधारच वाटला.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपने आम्ही तेरच्या बाजूला निघालो. जुन्या काळाचे अवशेष पाहायला तेरला लोक लांबून येतात. आमची जीप गावाला वळसा घालून तेरणेकाठच्या एका वस्तीवर थांबली. घर ख्रिस्ती होते, भिंतीवर क्रूस होता. रीती मात्र गावच्याच. रूथ उंबऱ्याच्या आत उभी होती. तिची पिशवी भरलेली होती, पण ती तिने दाराआड ठेवली होती. सासू मालनबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या.

"बाईला म्या वळखते," त्या एस्तेरबाईंकडे मान करून मला म्हणाल्या. "तुमी कोन हिचे?"

"मी समितीचा सदस्य आहे."

"समिती बाळंतपन करती व्हय?"

मालनबाईंचे हात थांबले नव्हते. "राग मानू नका, पाहुनं. नाताळाला गल्लीतल्या समद्या सुना म्हायेरी जात्यात. ही दारात बसून रस्ता बघती. हिच्या म्हायेराला पाटी हाय, मानूस न्हाय. उद्या काय कमीजास्त झालं, तर म्या इच्यारायचं कुनाला? पाटीला?"

त्या कठोर बाईचा मला राग यायला हवा होता. पण जे मला काल कार्यालयात बोलता आले नव्हते, तेच त्या बोलत होत्या.

रूथकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पिशवीकडे पाहत होती.

"मला विचारा," मी म्हणालो. "मी हिच्या माहेरचा माणूस."

"आजच्यापुरतं?"

"नाही."

"लंबर सांगा."

मी आकडे सांगितले. त्यांनी पदराला हात पुसले, एकेक आकडा दाबला आणि माझ्या खिशातला फोन वाजेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. तो वाजला.

"वाजतोय," त्या रूथला म्हणाल्या. "घे पिशवी. आन् मामा, फुडल्या नाताळाला न्यायला तुमीच यायचं. दुसरं कुनी आलं तर म्या धाडनार न्हाय."

रूथने पिशवी माझ्याकडे दिली. हलकी होती. जीपमध्ये बसल्यावर तिने इतकेच विचारले, "पुढच्या नाताळाला खरंच याल?" मी हो म्हणालो. तिने मान हलवली. असे हो तिने पुष्कळ पाहुण्यांकडून ऐकले असावे.

तिला कळंबला पोचवून मी येडशीच्या स्थानकावर आलो. गाडीची वाट पाहत असताना फोन वाजला. मालनबाई.

"गाडी आली का, मामा?"

"अजून नाही."

"मंग बसा. म्या उगंच बघितलं, वाजतो का."

पुण्यात परतल्यावर समितीने मुलांची छायाचित्रे मागितली. मी एकही काढले नव्हते. रूथची हकिगत सांगितली, तेव्हा एक सदस्य म्हणाले की अठरानंतरची माणसे आपल्या उद्देशात येत नाहीत. "मग आपला उद्देश फार लवकर संपतो," मी म्हणालो. बैठक पुढच्या विषयाकडे गेली. माझा संताप अजून तेथेच बसून आहे, आणि तो शांत व्हावा अशी प्रार्थना मी करत नाही.

दर रविवारी उपासनेपूर्वी फोन बंद ठेवण्याची सूचना होते. आजवर मी ती निमूटपणे पाळली. आता आवाज तेवढा बंद करतो, आणि फोन छातीवरच्या खिशात ठेवतो. थरथरला तर कळावे म्हणून.