श्रीपादशी न झालेलं भांडण

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी सातवीच्या मुलींना म्हैसूर राज्याच्या नद्या काढायला बसवून मनातल्या मनात श्रीपादशी भांडत होते. हे भांडण दोन वर्षं चाललं होतं आणि त्यातला एक शब्दही मी त्याच्या कानावर पडू दिला नव्हता. हेडबाईंनी बोलावलं म्हणून गेले. फोनवर त्याच्या कारखान्यातलं कोणीतरी होतं, कन्नडमध्ये फार हळू बोलत होतं. काम करता करता श्रीपाद खुर्चीत बसला, पाठीत दुखतंय म्हणाला, आणि कोणी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. माझा धाकटा भाऊ, सत्तेचाळीस वर्षांचा. मी फोन ठेवला आणि हेडबाईंना म्हणाले, "सांगितलं होतं मी त्याला." खरं तर मी काहीच सांगितलं नव्हतं. आता या गोष्टीला अडीच महिने होतील आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. आमची मराठी अर्धी कानडीत बुडालेली. मी सगळ्यांची अक्का, आणि 'सरी', म्हणजे 'बरं', म्हटल्याशिवाय आमचं एकही बोलणं पुरं होत नाही. श्रीपादची बायको सुमन पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर ती आमची भाषा ऐकून हसली आणि दुसरा महिनाभर आमची भांडणं ऐकून रडली. तिला वाटलं, आपण वैऱ्यांच्या घरात पडलो. तसं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट भांडून ठरायची. राजाजीनगरात घर बांधायचं ठरलं तेही तीन संध्याकाळी भांडून. मी म्हणत होते, एवढ्या लांब उजाड माळावर कोण राहील. तो म्हणत होता, यशवंतपूरच्या बाजूचा कारखाना सायकलने जवळ पडतो. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या तोंडून निघालं की कारखान्याचं निमित्तच आहे, मला शाळेची बस दारातून मिळेल हे त्याने आधीच बघून ठेवलंय. भांडताना माणसाच्या पोटात असेल नसेल ते बाहेर येतं. आमची तरी हीच रीत होती. पुढे सुमनही तयार झाली, आणि पुण्याची असल्यामुळे आमच्या पुढे गेली.

सन पंचावन्न-छप्पनच्या सुमारास तो त्या सरकारी कारखान्यात लागला. तिथे यंत्रांचे भाग तपासायच्या खोलीत त्याचं सगळं आयुष्य गेलं. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचा, हा त्याचा धंदा. धंदा घरीही यायचा. मी सुमनला म्हणाले, वीतभर जागा सोडून कुंडी ठेव, की हा आतून विचारणार, "अक्का, वीत कुणाची?" आकडा सांगितल्याशिवाय त्याचं समाधान नसे, आणि आकडा मिळाला की मग तो दुसरं काही ऐकून घेत नसे. याच माणसाने मापात चूक करावी...

पहिला झटका आला तेव्हा सुमन भावाच्या लग्नाला पुण्याला गेली होती. श्रीपादच्या छातीत आणि पाठीत इतकं दुखायला लागलं की शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. सुई टोचल्यावर तो गुंगीत गेला. उठवायचं नाही म्हणून छातीच्या फोटोचं यंत्र ढकलत त्याच्या पलंगापाशीच आणलं. फोटो काढणारे गृहस्थ मला म्हणाले, "अम्मा, स्वल्प दूर." मी दाराशी जाऊन उभी राहिले. यंत्राचं तोंड त्याच्या छातीवर हातभर वर आलेलं मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हृदयातून निघणारी मोठी नस, महाधमनी, एका ठिकाणी रुंद झाली आहे. जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. फुगा वाढत गेला तर फुटतो. दाब खाली ठेवायच्या गोळ्या, अळणी जेवण, ओझं उचलायचं नाही, सायकल बंद, आणि सहा महिन्यांनी इथेच येऊन पुन्हा फोटो. नस वाढलेली दिसली तर वेल्लोरच्या सर्जनकडे जायचं. ऑपरेशनातही जीव जाऊ शकतो, हे त्यांनी लपवलं नाही. पण वाढली तर तेवढाच एक मार्ग आहे म्हणाले आणि सर्जनसाठी चिठ्ठीही लिहून दिली. मग मला व्हरांड्यात घेऊन गेले. "यांना राग येईल असं काही होऊ देऊ नका. घरात वाद नकोत."

वाद नकोत म्हणे. आमच्या घरात.

पण आम्ही ते पाळलं. मी आणि सुमनने असं काही पाळलं की आमच्या घरातून आवाज येईनासा झाला. तिला काही सांगायचं असलं तर मी तिला मागे धुण्याच्या दगडापाशी नेई आणि तिथे आम्ही दातओठ खात कुजबुजत असू. त्याच्यासमोर दोघी साखर पेरल्यासारख्या. गोळ्यांनी तो सुस्तावला होता, नाक सदा चोंदलेलं, आमटीत मीठ नाही, सायकल टांगून ठेवलेली. यातलं काहीच त्याला एवढं बोचलं नाही जेवढं आमचं गोड बोलणं बोचलं. एकदा ताटावरून म्हणाला, "तुम्ही दोघी अश्श्या बोलता की मी मेलोय आणि तुम्ही दहाव्याला जमलाय असं वाटतंय." मुद्दाम कुरापती काढायचा. वर्तमानपत्राची उलटी घडी घालायचा, माझ्या शाळेला नावं ठेवायचा. "अक्का, काहीतरी बोल की." मी म्हणायची, "सरी."

सहा महिन्यांनी त्याने फोटो काढला, पण त्या दवाखान्यात नाही. तिथे गर्दी फार म्हणून मल्लेश्वरममधल्या एका खाजगी ठिकाणी परस्पर जाऊन आला. घरी आल्यावर दोन्ही फोटो खिडकीच्या काचेला लावले, कारखान्यातली मोजपट्टी धरली, तीन वेळा मोजलं आणि आम्हाला हाक मारली. नस सात मिलिमीटरने कमी भरत होती. सुमनने देवापुढे दिवा लावला. मीही हात जोडले. मी म्हणाले, "डॉक्टरांना दाखवून ये हं," तेही असं, जसं कोणी बाळाला दूध पी म्हणतं. तो म्हणाला, "दाखवीन. पण अक्का, माप ते माप. डॉक्टर काय वेगळं सांगणार?" पुढच्या वर्षी पुन्हा मल्लेश्वरम. या खेपेला नस पहिल्या फोटोएवढी भरली. "बघ, जागच्या जागी आहे. दीड वर्षात वाढ शून्य." वेल्लोरची चिठ्ठी कपाटातच राहिली. माझ्या मनात काहीतरी खटकत होतं. आधी कमी झाली, मग वाढली, याला जागच्या जागी कसं म्हणायचं? पूर्वीची मी असते तर त्याला खिडकीपाशीच धरलं असतं. पण त्याच्या कानशिलावरची शीर टरारलेली दिसली आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. त्यानंतर चार महिन्यांनी शाळेत फोन आला.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी तिन्ही फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेले. माप बरोबर असून माणूस गेला कसा, हे मला विचारायचं होतं, आणि जरा चढ्या आवाजात विचारायचं होतं. त्यांनी तिन्ही फोटो दिव्यावर शेजारी शेजारी लावले. मग म्हणाले, "हे दोन उभ्याने काढलेत, सहा फुटांवरून. पहिला पलंगावरचा आहे, फार जवळून. जवळून सावली मोठी पडते. यांची एकमेकांशी तुलना करायचीच नसते. म्हणून तर इथेच या म्हटलं होतं." थोडक्यात, नस कधी कमी झालीच नव्हती. दुसऱ्या फोटोपासून तिसऱ्यापर्यंत ती सरळ वाढत गेली होती. डॉक्टर म्हणाले, वेल्लोरला वाचलेच असते असं ते सांगणार नाहीत. पण जायची वेळ तीच होती. मग त्यांनी विचारलं, "पहिला फोटो काढताना ते गुंगीत होते ना? सोबत कोण होतं?"

मी होते.

लहानपणी कंदिलासमोर आम्ही हातांचे ससे करत असू. हात कंदिलाजवळ नेला की भिंतीवरचा ससा म्हशीएवढा व्हायचा, आणि श्रीपाद तेव्हाही पट्टी घेऊन भिंतीवर मोजायला धावायचा. त्याला हे शिकवायची गरज नव्हती. यंत्र हातभरावर होतं एवढंच कोणी सांगितलं असतं तरी त्याने कपाळाला हात लावला असता आणि दुसऱ्या दिवशी वेल्लोरची गाडी पकडली असती. ते मला ठाऊक होतं आणि त्याला मोजता येत होतं. त्याने मला विचारलं नाही, कारण अक्काला मापातलं काय कळतं. मी सांगितलं नाही, कारण हे सांगण्यासारखं आहे हेच मला कळलं नाही. पण आम्ही भांडलो असतो तर मी नक्की बोलले असते. "तू काय मला मापं शिकवतोस, तू तर झोपला होतास, मी उभी होते तिथे, ते धूड तुझ्या छातीवर आणून ठेवलं होतं," असं काहीतरी. हे वाक्य मी आता रोज म्हणते. डॉक्टरांचाही मला राग येतो, आणि त्यांचं काही चुकलं नाही याचा आणखी येतो.

निघताना डॉक्टरांनी आईवडिलांची चौकशी केली. आमचे अण्णा असेच पाठ दुखते म्हणत एका सकाळी गेले होते, हे ऐकून त्यांनी माझाच फोटो काढायला सांगितलं. मी फळीला छाती लावून उभी राहिले आणि काढणाऱ्यांना विचारलं, किती फुटांवरून? ते म्हणाले, नेहमीसारखंच. मी म्हटलं, नेहमीसारखं म्हणजे किती? बाहेर पाचजण थांबलेले होते, पण मी आकडा ऐकल्याशिवाय श्वास रोखला नाही. नस किंचित रुंद आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच. मीठ कमी, ओझं नको, राग नको. मी डॉक्टरांना सांगितलं की पहिली दोन पाळीन.

परवा रात्रीच्या जेवणाला सुमनने माझ्यापुढे अळणी आमटी ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, पुढच्या फोटोला मी येणार. तुम्ही आत असाल तेव्हा बाहेरून नीट बघायला माणूस हवं." मी म्हटलं, काही नको, माझं मी विचारते. ती म्हणाली, विचारून काय होतं, बघावं लागतं. तुम्ही तेव्हाही नुसत्या उभ्याच होतात. असं तोंडावर म्हणाली. मग मीही तिला ऐकवलं की दिवा कोणी लावला होता. आवाज इतके चढले की शेजारणीने कुंपणाशी येऊन पाहिलं. आमटी गार झाली. शेवटी सुमन डोळे पुसत म्हणाली, "हे असते ना, तर आपल्या दोघींच्या बोलण्यातली चूक काढली असती."

ती चूक कोणती, यावरून आम्ही पुन्हा सुरू झालो.