किल्ल्यांच्या रिंगणातले काका

सोलापूर अजून शत्रूच्या हाती पडलेलं नाही, ते केवळ आपण दर रविवारी किल्ल्यांची पाहणी करतो म्हणून, अशी काकांची, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांची, पक्की खात्री होती. शत्रू कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. परांडा, नळदुर्ग, अक्कलकोट, मंगळवेढा, माचणूर असं रिंगण आणि मधोमध आपला भुईकोट! एवढं म्हणेपर्यंत भवानी पेठेतल्या अंगणात सूत रंगवत बसलेल्या काकांचे डोळे कुठल्यातरी बुरुजावर पोचलेले असायचे. घरात त्यांना उजवं-डावं ठाऊकच नव्हतं. “मीठ नळदुर्गच्या अंगाला सरकव,” म्हणायचे, आणि मावशी बिनचूक पूर्वेला सरकवायची. पाहुण्यांचे मात्र हाल व्हायचे. एकदा माचणूरला काका तटाचे चिरे चाचपत निघाले असताना एका धनगरानं हटकलं, “सरकारी मानूस हाय का तुमी?” काका म्हणाले, “सरकार बदलतंय. आमी कायम हाय.” त्या भल्या माणसानं काठी बाजूला ठेवून त्यांना ताक पाजलं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि बोरी नदी पुन्हा दुथडी वाहू लागली, तोवर मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. “डोळ्याला सुरी? न्हाय बाई,” हे तिचं एकच पालुपद. समजावून थकलेल्या काकांनी एका सकाळी तिला नळदुर्गच्या एसटीत बसवलं. दुसरा हात धरायला मी होतो. निसरड्या पायऱ्या उतरून आम्ही बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात गेलो. खिडकीबाहेर पाण्याचा पडदा कोसळत होता, आणि त्यातून गाळून आलेला उजेड भिंतींवर हलत होता. मावशीनं ओंजळ पुढे केली. तुषारांनी तिचा चेहरा भिजला.

“रंग कसा हाय हो पाण्याचा?”

ज्यांना जांभळ्याच्या पाच-सहा छटा तोंडपाठ, ते काका कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “न्हाय सांगता येत. तूच बघून सांग की.”

परतीच्या वाटेवर मावशी एकदाच बोलली. “दुखतंय का हो लई?”

आठवड्याभरात शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली तेव्हा काका कॉटजवळ वाकून उभे होते. मावशी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघत राहिली, मग हात लांबवून तिनं त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“किती पिकलात हो! मला कुणी सांगितलंच न्हाय की.”

 काका तिच्या उशाशी बसले. बाहेर गिरणीचा भोंगा होऊन गेला, तरी दोघं एकमेकांकडे बघतच होती.